उतरणीपुरता गुडघा

नरहरी सावे यांचा उजवा गुडघा वाकला नसता, तर त्यात ललितचा फायदाच फायदा होता.

ललित हा त्यांचा मुलगा. बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. आत काय आलं, बाहेर काय गेलं, कुठे तूट आली, हे बघण्यात त्याची बरीच वर्षं गेली होती. त्यामुळे जमा कुठे धरायची आणि खर्च कुठे टाकायचा, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. बापाचा गुडघा त्याने मनातल्या मनात असाच मांडून पाहिला.

जमेला होती घरामागची पानवेलीची जागा. केळव्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, वर नारळी-पोफळींची सावली. शनिवारी मुंबईच्या गाड्या फाटकाशी थांबत, काच खाली करून "रूम आहे का?" विचारत, आणि ललितची आई शैलाबाई हातातलं सूप खाली न ठेवता त्यांना शेजारच्या कृष्णकांतकडे धाडत. पानवेली काढल्या तर तिथे चार खोल्या सहज बसत होत्या. खोल्या झाल्या की कारखाना सुटला. पाळी सुटली, सुपरवायझर सुटला, पहाटेचा डबा सुटला. आणि या सगळ्याहून मोठी रक्कम म्हणजे, हे सगळं बापाशी एक शब्दही न भांडता मिळणार होतं.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. एक गुडघा. तोही दुसऱ्याचा.

भांडण न करता कसं, ते सांगायला हवं. सावे यांच्या घरात पानवेलीचा मालक सातबारा बघून ठरत नसे. वेल वर्षभर आधाराला धरून चढते. माथ्याला टेकली की खालचा दांडा उघडा पडतो, पानं लहान होतात, आणि मग तिला सोडवून खाली घ्यावी लागते. उघड्या दांड्याचं वेटोळं करून मातीत दाबायचं, शेंडा परत आधाराला बांधायचा, की वेल नव्याने चढायला मोकळी. याला उतरण म्हणतात. उन्हं कडक व्हायच्या आत ती उरकतात. हे काम अनवाणी आणि उकिडवं बसूनच करायचं. पानवेलीत चप्पल चालत नाही, तसं सावे यांच्याकडे स्टूलही चालत नसे. मजूर कितीही असोत, पहिली वेल मालकाच्या हातची. ज्याला पहिल्या वेलीशी बसता येईना, त्याने बाजूला व्हायचं. नरहरींच्या वडिलांची कंबर धरली त्या वर्षी म्हातारा वेलीपाशी उभा राहिला, मुलाकडे बघून "बस" म्हणाला. नरहरी बसले. झालं खातेपालट. ना सही, ना साक्षीदार.

आता नरहरींना बसता आलं नाही, तर "बस" ललितला म्हणावं लागणार होतं. आणि एकदा मालक झाल्यावर त्या जागेत वेल लावायची की संडास-बाथरूमसकट खोली, हे मालकाने ठरवायचं.

गुडघा गेला तो दसरा झाल्यावर. नरहरी वाडीत पाणी वळवायला गेले होते. पाटाच्या शेवाळलेल्या काठावरून पाय सरकला आणि सगळा देह उजव्या गुडघ्यावर, चिऱ्याच्या कडेला आपटला. वाटीचे दोन तुकडे झाले. पालघरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून ते तारेने एकत्र बांधले. नंतर एक्स-रे उजेडाकडे धरून त्यांनी समजावून सांगितलं, "हे बघा, वाटी तारेने घट्ट बांधली आहे. आता टाके निघाले की लांब पट्टा काढून थोडं थोडं वाकवायला लागायचं."

नरहरींना यातलं पहिलं वाक्य इतकं पटलं, की दुसऱ्याची गरज त्यांना वाटली नाही. बांधणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची आवश्यकता नव्हती. जन्मभर तेच केलं होतं.

"बांधलंय ना?" घरी आल्यावर ते म्हणाले. "मग हलवायचं कशाला? आमी वेल बांधतो, ती काय रोज सोडून बघतो, चिकटली का नाय ते?"

"अहो, डॉक्टर म्हणाले वाकवायचं," शैलाबाई म्हणाल्या.

"डॉक्टर शहरातला हाय. त्याने वेल बघितली नाय."

ललित तिथेच होता. त्याने तोंड उघडलंही होतं. मग त्याला जमेची बाजू आठवली आणि त्याने ते जांभईसाठी वापरलं.

टाके निघाले, डॉक्टरांनी बोईसरला फिजिओथेरपीला पाठवलं. ललितचा कारखाना तिकडेच, म्हणून पाळीला जाताना बापाला सोडायचं काम त्याच्याकडे आलं. सरावलीच्या नाक्याजवळ, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तो दवाखाना होता. नरहरींनी कुबडी टेकून जिन्याकडे वर बघितलं.

"गुडघ्याचा दवाखाना आन् जिना चढून. गिऱ्हाईक कमी पडू नये म्हणून केलंय काय?"

वर मोनाली होती. मनोरकडची मुलगी, अंगाने बारीक, आवाज मऊ आणि हात लोखंडी. तिच्या खोलीत तारापूरच्या कारखान्यांतले खांदे, कंबरा, मनगटं ओळीने बसलेली असत. एका भिंतीला लावलेलं चाक एक बिहारी ऑपरेटर आखडलेल्या खांद्याने फिरवत होता.

"मॅडमजी, आज छोड़ दो. कल दोनों हाथ ले आऊँगा."

"कल वाला कल. आज का घुमाओ," मोनाली त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि नरहरींच्या पायाशी आली. "काका, पाय सैल सोडा."

"सैलच हाय."

"हा सैल नाही, काका. हा दाराचा अडसर आहे."

तिने कंपासपेटीतल्यासारखं एक लांब प्लास्टिकचं माप गुडघ्याला लावलं, किती वाकतो ते बघितलं आणि काही बोलली नाही. न बोलण्यावरून ललितला काय ते कळलं. मग तिने त्यालाच बोलावून घरचा व्यायाम दाखवला. लादीवर बसवायचं, टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवायची म्हणजे पाय घसरतो, आणि टाच हळूहळू मागे आणायची. "ते 'हं' म्हणतील. तिथे सोडायचं नाही. तिथेच धरून ठेवायचं, मग अजून थोडं. सकाळ-संध्याकाळ. खरं काम घरी होतं, इथे मी फक्त मोजते."

ललितने ते इमानाने केलं, म्हणजे त्याच्या पद्धतीच्या इमानाने. सकाळी पाळीच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर तो बापाचा पाय हातात घ्यायचा, पिशवीवर टाच सरकवायचा. नरहरी "हं" म्हणाले की थांबायचा. बापाच्या शब्दाचा मान राखणारा असा मुलगा साऱ्या केळव्यात सापडला नसता.

तरीही मोनालीच्या हाताखाली गुडघा थोडा सुटायचा. जाताना नरहरी जिना जरा बऱ्याने उतरायचे. आणि पुढच्या खेपेला आले की गुडघा परत होता तिथेच. मोनालीला कोडं पडलं. रात्री कोणी चोर येऊन तिचं काम उचलून नेत असावा, तसं.

"घरी करता ना?"

"करतो," ललित म्हणाला. हे खोटं नव्हतं.

चोर कोण होता, ते ललितला दिवाळीतच कळलं होतं. रजा होती. दुपारी जेवून नरहरी ओटीवर आडवे झाले. ललित पाणी प्यायला उठला, तेव्हा बाप बसून स्वतःच्या पायाशी काहीतरी करत होता. डॉक्टरांचा लांब पट्टा पायाला होताच. त्याच्यावरून ओल्या केळीच्या सोपटाच्या पट्ट्या गुंडाळून, नडगीवर आणि मांडीवर, वेलीला मारतात तशी सैलसर पण न सुटणारी गाठ ते मारत होते. एक गाठ झाली की दोन बोटं घालून बघत होते, फार काचत तर नाही ना. हात इतके मायेने चालले होते, की ललित दारातच थबकला.

मागून शैलाबाई आल्या.

"मी तुला काय सांगितलं नाय हां," त्या हळूच म्हणाल्या. "मला बोललेत, सांगायचं नाय. मी सांगितलं नाय. तुला दिसलंय."

"रोज करतात?"

"दुपारी आन् रात्री. म्हणतात, दिवसा ती पोरगी सोडते, मग परत बांधायला नको का. उतरणीपर्यंत मजबूत झाला पायजे." त्या थांबल्या. "तू सांग ना तिला. माझं ऐकत नायत. तिला घाबरतात."

"बघतो," ललित म्हणाला.

बघतो या शब्दात मराठी माणसाने जेवढं लपवलं आहे तेवढं तिजोरीत लपवलं नसेल. ललितने बघितलं. मोनालीच्या दवाखान्यात कितीदा तरी बघितलं. बाप माप लावून घेताना छताकडे बघायचा, मोनाली मापाकडे, आणि ललित खिडकीबाहेर रिक्षांच्या रांगेकडे. एक गोष्ट त्याला त्या दिवाळीच्या दुपारीच सुचली होती, पिता पिता पाणी घशात अडकावं तशी. बापाला पटेल अशी एकच गोष्ट. ती बोलली तर सोपटं सुटणार होती. म्हणून तो ती बोलत नव्हता.

घरात बाकीचं आपोआप चाललं होतं. ललितची बायको स्नेहल खोल्यांना बाहेरून कुठला रंग द्यायचा ते पाहत होती. सासऱ्यांना कळू नये म्हणून ती "भिंती" न म्हणता "ते" म्हणायची. "ते पिस्ता बरं दिसेल का?" वाडीतला गडी बुधा, वीस पावसाळे इथेच काढलेला, नरहरींना टेकू देऊन ओटीवरून उतरवताना म्हणायचा, "शेट, हा पाय नाय रायला. खुंटा झाला. म्हस बांधा त्याला."

"म्हस नको. तुला बांधतो," नरहरी म्हणायचे.

हसण्यावारी जात होतं, तोवर ठीक होतं. मग मांडी दिसायला लागली. लेंग्यातून दिसत नव्हती, पण व्यायामाला लेंगा वर घेतला की डावी मांडी माणसाची आणि उजवी कोणा पोराची. ललित टाच सरकवताना त्या मांडीकडे न बघता करायला शिकला. स्टोअरमध्ये एखादा माल हळूहळू कमी होत असला आणि चोर ओळखीचा असला, तर मोजणारा असाच दुसरीकडे बघतो.

संक्रांत जवळ आली. त्या सकाळी बोईसरला जाताना पालघरचं रेल्वेचं फाटक लागलं आणि गाडी उभी राहिली. नरहरी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. पुढे ट्रक, मागे टेम्पो, कुठे जायची सोय नाही. अशा जागी बाप बोलला.

"उतरण दोन महिन्यांवर आली."

"हो."

"मला बसता नाय येणार."

ललितने आरशात बघितलं. नरहरी बाहेर ट्रकच्या चाकाकडे बघत होते.

"तेव्हा तुला 'बस' म्हणायचं, मग तू बसायचं, मग तू वेली काढायच्या, एवढा तमाशा कशाला. तू आत्ताच काढ. तुझ्या त्या खोल्या बांध. सुनेला विचार, पिस्ता रंग चिखलाने खराब होईल. खाली जरा गडद लाव."

फाटक उघडलं. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला, तरी ललितला गियर टाकायचं सुचलं नाही. सगळी रक्कम एकदम, न मागता, हातावर आली होती. आणि त्याला आनंद कुठे ठेवला आहे ते सापडेना.

वर दवाखान्यात मोनालीने माप लावलं, पुन्हा लावलं, आणि स्टूल ओढून नरहरींच्या समोर बसली.

"काका, मी डॉक्टरांशी बोलले. हाड छान जुळलंय. गुडघाच धरलाय. असंच राहिलं तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. त्यात जुळलेल्या वाटीला धक्का बसू शकतो, म्हणून ते मला नको आहे."

"आन् नाय केलं तर?"

"तर आहे असा राहील. चालाल. जिना एक एक पायरी करून चढाल. बसायला खुर्ची."

नरहरींनी मान हलवली. एखाद्या व्यापाऱ्याने भाव पाडला आणि पानं तर खुडून झाली आहेत, तेव्हा हलवतात तशी. मग त्यांनी आवाज खाली घेतला. शेजारी चाक फिरवणाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

"उतरणीचं जाऊ दे, पोरी. एवढंच सांग. जेवायला पाटावर बसता येईल का?"

मोनालीने हातातलं माप खाली ठेवलं.

"लग्न झाल्यापासून समोरासमोर बसून जेवतो आमी. आता मी खुर्चीत आन् ती खाली. ती म्हणते मी पण खुर्ची घेते. घेतली परवा. पण बुटकी हाय ती. पाय लोंबतात खाली. धड जेवण जात नाय तिला."

बिहारी ऑपरेटरचं चाक मध्येच थांबलं होतं. ललित खिडकीबाहेर बघत होता. बाहेर रिक्षा होत्या, नेहमीच्याच. त्याला परवाची आई दिसली. खुर्चीत पुढे सरकून, अंगठ्याने जमीन चाचपडणारी, आणि आपण मोबाइल बघत जेवलो ते.

"बाबा," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा वाटला. "उतरणीत दांडा मातीत सरळ ठेवता का?"

"आँ?"

"वेल खाली घेतली. उघडा दांडा आहे. तो सरळ गाडता?"

"सरळ कसा गाडीन? येड लागलं का तुला? वेटोळं करायचं. सरळ ठेवला तर मुळी धरत नाय."

"कधी करता वेटोळं? त्याच दिवशी की नंतर सवडीने?"

"त्याच दिवशी. ओला असतो तोवर वळतो. एकदा कडक झाला की..." नरहरी थांबले.

"की काय?"

"मोडतो," नरहरी म्हणाले. फार सावकाश म्हणाले.

मोनालीला यातलं काहीच कळत नव्हतं, पण काहीतरी सुटतंय हे तिच्या हातांना कळलं असावं. ललित वाकला आणि त्याने बापाचा लेंगा नडगीपर्यंत वर घेतला. सोपटाचे वळ तिथे ओळीने होते, फिकट तपकिरी, सुकलेल्या रसाच्या डागांसकट.

"दुपारी आणि रात्री बांधून ठेवतात," तो मोनालीला म्हणाला. "वेलीसारखा."

तिने वळांकडे बघितलं, मग नरहरींकडे, मग ललितकडे. "मी दिवसा सोडते आणि तुम्ही घरी परत बांधता?"

नरहरी मुलाकडे बघत होते. पानांच्या गठ्ठ्यात वर चांगली आणि खाली फाटकी पानं लावणाऱ्याकडे बघावं, तसं.

"हे वेटोळ्याचं तुला कधी सुचलं?"

"दिवाळीत."

"आन् आज बोलतोस."

"हो."

"अजून जरा गप्प रायला असतास तर खोल्या झाल्या असत्या."

"झाल्या असत्या."

"मगाशी तर देऊन टाकल्या होत्या मी."

"हो, बाबा."

"मग बोललास कशाला?"

"आई खुर्चीत जेवते ते मलाही बघवत नाही," ललित म्हणाला.

नरहरींना पटलं की नाही ते चेहऱ्यावर आलं नाही. मोनाली उठली, स्टूल पायाने बाजूला सारलं.

"तुमचा घरचा हिशेब घरी करा," ती म्हणाली. "काका, पालथे झोपा. आज तुम्ही ओरडणार आहात."

नरहरी ओरडले. पुढचे आठवडेच्या आठवडे ओरडले, पण आता ते ओरडणं कामाचं होतं. सोपटं चुलीत गेली. सकाळी ललितने टाच मागे आणली आणि "हं" आलं, की तो थांबायचा नाही. धरून ठेवायचा. नरहरी दात खाऊन म्हणायचे, "दांड्याचा डोळा मोडशील, हळू वळव," आणि पाठोपाठ, "हां, जा अजून." पाय पलंगाच्या कडेवरून सोडून झुलवायचा, मग डाव्या पायाने उजव्याला मागे रेटायचं, मग वाळूची छोटी पिशवी घोट्याला बांधून सरळ करायचा म्हणजे मांडी भरते. नंतर स्नेहल फडक्यात बर्फ घेऊन यायची.

स्नेहलला ललितने सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही स्वतः होऊन बोललात?"

"हो."

"बरं." दोन दिवस त्यापलीकडे काही नाही. तिसऱ्या दिवशी भांडी लावता लावता म्हणाली, "नाहीतरी चार खोल्यांच्या चादरी धुतल्या कोणी असत्या? तुम्ही तर धुतल्या नसत्यात." हे तिने ललितला दिलेलं क्षमापत्र की आरोपपत्र, हे त्याने तपासलं नाही. घेतलं.

गुडघा पहिल्यांदा सुटला तो दिवस साधाच होता. ललितने टाच ओढली, नेहमीच्या जागी गुडघा अडला, आणि मग कोणी आतून कडी काढावी तसा थोडा पुढे आला. दोघांनीही ऐकलं. नरहरींनी श्वास सोडला. इतके महिने तो कुठे धरून ठेवला होता कोण जाणे. शैलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, कारण ओरडणं आलं नव्हतं.

"काय झालं?"

"काय नाय," नरहरी म्हणाले. "चहा टाक."

त्या आत गेल्या आणि डोळ्याला पदर लावून त्यांनी चहा टाकला. साखर दोनदा पडली. सगळ्यांनी तो गोडमिट्ट चहा प्यायला.

मोनालीची आता उलटी अडचण झाली. आधी म्हातारा वाकवत नव्हता, आता थांबत नव्हता. सुजलेला गुडघा घेऊन यायचे आणि म्हणायचे, जास्त केला की लवकर होईल. "काका, खत जास्त घातलं तर वेल लवकर चढते का?" तिने विचारलं. ती शिकली होती. नरहरी नाराज होऊन म्हणाले, "जळते," आणि मापात आले. वर त्या बिहारी ऑपरेटरला मोडक्या हिंदीत समजावू लागले, "खांदा गीला है तब तक मोड़ो. सूख गया तो टूटेगा." ऑपरेटर घाबरून चाक जोरात फिरवू लागला. मोनालीने दोघांच्या वेळा वेगळ्या केल्या.

होळी झाली आणि उतरणीचा दिवस आला. मोनालीने परवानगी दिली होती, पण मोजून. एकच वेल. उजवा पाय जरा पुढे. एक हात आधारावर. काम झालं की लगेच उठायचं, आणि उठताना कोणीतरी धरायचं.

नरहरींनी फाटकाशी चप्पल काढली. बुधा आणि मजूर बाई जिवली टोपल्या घेऊन उभे होते. वेल सोडवलेली होती. नरहरी आधाराच्या खुंटाला धरून खाली जाऊ लागले. अर्ध्यावर थांबले. शैलाबाई एका नारळाच्या शेंड्याकडे बघू लागल्या, जणू तिथे काही महत्त्वाचं चाललं होतं. ललितने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग नरहरी आणखी खाली गेले. उजवी टाच उचललेलीच राहिली, पूर्वीसारखी बैठक नव्हती ती, कोंबडा बसतो तशी तिरपी होती. पण बसले.

हात मात्र पूर्वीचेच होते. दांड्याचं वेटोळं केलं, मातीत दाबलं, शेंडा आधाराला घेतला, गाठ मारली, दोन बोटं घालून बघितली. मग ललितच्या मनगटाला धरून उठले. उठायला बसण्याहून जास्त वेळ लागला. उभे राहिल्यावर कपाळाचा घाम पुसला.

"एकच बोललीय ती पोरगी," ते म्हणाले. "दुसरीपासून तू. बस."

ललित बसला. बारा वर्षं खुर्चीत बसून माल मोजलेला माणूस दुसऱ्या ओळीत पोहोचायच्या आधीच हाश्शहुश्श करू लागला. नरहरी काठी टेकून मागे उभे राहून सांगत होते, वेटोळं मोठं कर, दांडा मुरगळतोस, माती दाब, ती काय पोळी हाय का थापटायला. बुधाने टोपली ठेवता ठेवता विचारलं, "शेट, हा दुसरा खुंटा कधी पुरला?"

त्या रात्री नरहरी भिंतीला पाठ लावून, पाय जरा लांब ठेवून, पाटावर बसले. समोर शैलाबाई. त्यांनी नवऱ्याच्या ताटात भात जास्त वाढला आणि नरहरींनी तो "पुरे" न म्हणता खाल्ला. घरात इतका मोकळा श्वास दसऱ्यानंतर त्याच दिवशी होता.

आता कोणी काय भरलं, ते बघायचं. हाडाचं डॉक्टरांनी जुळवलं, त्यांचं त्यांना पोचलं. मोनालीने आपले अंगठे झिजवले, आणि त्याबद्दल तिच्या दवाखान्यात महिनाभर पुरेल इतकी पानं गेली, जी तिने खाल्ली नाहीत, औषधाच्या दुकानदाराने खाल्ली. नरहरींनी दुखणं भरलं, ते त्यांचंच होतं. शैलाबाईंनी झोप भरली. स्नेहलने पिस्ता रंग भरला. कृष्णकांतने काहीच भरलं नाही, शनिवारच्या गाड्या अजून त्याच्याकडेच जातात.

बाकी सगळं ललितच्या नावे पडलं. चार खोल्या, त्यांच्यामागे सुटायचा होता तो कारखाना, पहाटेचा डबा, आणि दर वर्षी उतरणीला दुसऱ्या वेलीपासून शेवटच्या वेलीपर्यंत स्वतःचे दोन गुडघे. तो स्टोअरचा माणूस, तूट कुठे आहे ते त्याला बरोबर दिसतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जाताना तो कारखान्याच्या जिन्याची एक एक पायरी कठडा धरून चढला, आणि वर पोहोचल्यावर त्याला हसू येत होतं.